विद्युत् मोटारीची प्ररोचना : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक भाषिक परीक्षण

१

पेट्रोल वा डिझेलवर चालणारी मोटार सोडून चालकाने विजेवर चालणारी मोटार घ्यावी, यासाठी त्यास काही रक्कम द्यावी अथवा त्याच्याकडून घ्यावयाची रक्कम सोडून द्यावी, हा उपाय जगात बहुतेक ठिकाणी योजला गेला आहे. त्या उपायाच्या गुणदोषांची चर्चा अर्थशास्त्राने करावी. प्रस्तुत लेखापुढील प्रश्न निराळा आहे. द्रव्य बाजूस ठेवले असता चालकाचे मन वळविण्याचे कोणते साधन हाती उरते? उरते ती मुख्यतः भाषा : राज्यकर्त्याची, विक्रेत्याची, रस्त्यावरील फलकाची आणि खुद्द मोटारीवरील पाटीची. ही भाषा आपले कार्य कितपत करते, याचे परीक्षण येथे वाशीम जिल्ह्यातील चालकास समोर ठेवून करावयाचे आहे.

आरंभी 'प्रोत्साहन' हा शब्दच तपासून पाहणे इष्ट होय. उत्साह उत्पन्न करणे, हा त्याचा मूळ अर्थ. त्यात पैशाचा कोठेही संबंध नाही. परंतु शासकीय मराठीत 'प्रोत्साहनपर अनुदान', 'प्रोत्साहन भत्ता', 'वित्तीय प्रोत्साहन' अशा सामासिक प्रयोगांतून हा शब्द इतका फिरला की पुढे त्यातील अनुदानवाचक पद गळून पडले, तरी अनुदानाचा अर्थ मागे राहिला. अर्थसंकोचाचे हे ठळक उदाहरण आहे. आज एखाद्या चालकास 'या गाडीला प्रोत्साहन आहे' असे सांगितले, तर तो 'किती?' असे विचारील. ज्या भाषेत उत्साहाचे मोजमाप रुपयांत होऊ लागते, त्या भाषेत रुपयांवाचून उत्साह कसा निर्माण करावा याचा विचारच खुंटतो.

हा विचार आता टाळता येण्याजोगा नाही. केंद्र शासनाची 'फेम' योजना दुसऱ्या टप्प्यानंतर ३१ मार्च २०२४ रोजी संपली. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत खाजगी मोटारींसाठी खरेदी-अनुदान ठेवलेले नाही. विद्युत् मोटारीवरील वस्तू व सेवा कर पाच टक्केच राहिला. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरील दर अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आल्याने दोहोंमधील अंतर घटले. राज्यात तर मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाख रुपयांवरील विद्युत् मोटारींवर सहा टक्के कर प्रस्तावित झाला आणि त्याच महिन्यात तो मागेही घेण्यात आला. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये मान्य झालेल्या राज्याच्या धोरणात खरेदीवरील सूट व पथकरमाफी यांचा समावेश झाला. द्रव्याची सवलत आज असते, उद्या नसते. चालकाचा निर्णय मात्र आठ-दहा वर्षांपुरता असतो.

२

मन वळविणाऱ्या भाषेची मीमांसा आपल्याकडे फार पूर्वी झालेली आहे. पूर्वमीमांसेने वेदवाक्यांचे जे वर्गीकरण केले, त्यात 'विधी' आणि 'अर्थवाद' हे दोन वर्ग प्रस्तुत विषयास उपयोगी पडणारे आहेत. विधी कर्म करावयास सांगतो. अर्थवाद त्या कर्माची स्तुती करतो आणि श्रोत्याच्या ठायी रुची उत्पन्न करतो. या रुची उत्पन्न करण्याच्या व्यापारास 'प्ररोचना' अशी संज्ञा आहे. द्रव्याविना दिलेल्या उत्तेजनास याहून नेमका शब्द मराठीस मिळणे कठीण. मीमांसकांची एक अट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. अर्थवादास स्वतंत्र प्रामाण्य नाही. विधीशी त्याची एकवाक्यता झाली तरच तो सार्थ ठरतो. तसेच कोणत्याही प्रवृत्तीला तीन आकांक्षा असतात : काय साधावयाचे, कशाने साधावयाचे आणि कसे साधावयाचे. यांपैकी तिसरीस 'इतिकर्तव्यता' म्हणतात. ती पुरी झाली नाही, तर पहिल्या दोहोंची उत्तरे मिळूनही मनुष्य जागचा हलत नाही.

या कसोटीवर विद्युत् मोटारीविषयीचे मराठी प्रचारवाङ्मय लावून पाहिले असता त्यातील उणीव स्पष्ट दिसते. 'काय' या प्रश्नाचे उत्तर त्यात विपुल आहे : स्वच्छ हवा, हरित भविष्य, प्रदूषणमुक्त महाराष्ट्र. 'कशाने' याचे उत्तरही आहे : विद्युत् वाहनाने. 'कसे' या ठिकाणी मात्र वाङ्मय मौन धरते, किंवा एका विशिष्ट क्रियारूपाचा आश्रय करते. ते क्रियारूप म्हणजे 'करण्यात येईल', 'उभारण्यात येतील', 'उपलब्ध करून देण्यात येतील' हे होय. शासकीय मराठीचा हा लाडका प्रयोग आहे. त्यात कर्ता लुप्त असतो, काळ भविष्य असतो आणि स्थळ अनिश्चित असते. राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय असावी, असे २०२५ च्या राज्य धोरणाचे उद्दिष्ट आहे, आणि ते स्तुत्यही आहे. परंतु उद्दिष्टाचे वाक्य हे प्रशासनास उद्देशून असते. चालकास हवे असणारे वाक्य वर्तमानकाळी असते : अमुक गावी, अमुक ठिकाणी चार्जिंग आहे, ते चालू आहे, रात्री इतक्या वाजेपर्यंत उघडे आहे. 'येईल' आणि 'आहे' या दोन क्रियापदांमधील अंतर हेच चालकाच्या शंकेचे अंतर होय.

याच वाङ्मयात संबोधनाचा दोषही आढळतो. त्यात वाचकास 'लाभार्थी', 'ग्राहक' किंवा 'नागरिक' मानलेले असते. लाभार्थी घेतो, ग्राहक विकत घेतो, नागरिक कर्तव्य पाळतो. गाडी हाकणाऱ्या मनुष्याचा विचार या तिन्ही शब्दांत नाही. भाडोत्री मोटार चालवून घर चालविणाऱ्या चालकास पर्यावरणाची चाड नसते असे नव्हे. परंतु सवारी अर्ध्या वाटेत उतरवावी लागली तर काय, हा त्याचा पहिला प्रश्न असतो, आणि त्या प्रश्नाकडे पाहून लिहिलेले वाक्य त्यास सहसा भेटत नाही.

३

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. अकोला–वाशीम–हिंगोली हा राष्ट्रीय महामार्ग यातून जातो. तद्वतच ७०१ किलोमीटर लांबीचा नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गही कारंजा, शेलू बाजार व मालेगाव या बाजूंनी जातो. समृद्धीचा नागपूर–शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी तो पूर्णत्वास गेला. म्हणजे या जिल्ह्यातील चालकाचे दोन प्रवास संभवतात. एक तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या वा शेजारच्या जिल्ह्याच्या गावी जाऊन परत येण्याचा, आणि दुसरा समृद्धीवरून दूरचा. पहिला रोजचा, दुसरा क्वचित् प्रसंगीचा. प्रचाराची भाषा मात्र दुसऱ्याचेच चित्र रंगविते. त्यामुळे चालक आपल्या रोजच्या गरजेचा हिशोब न करता क्वचित् प्रसंगीच्या भीतीने निर्णय करतो.

हा रोजचा हिशोब चालकाच्या परिचयाच्या शब्दांत मांडता येतो. मोटारीविषयी विदर्भातील, किंबहुना सर्व महाराष्ट्रातील, चालकाचा पहिला प्रश्न 'ॲव्हरेज किती देते?' हा असतो. एका लिटरला किती किलोमीटर, हा त्याचा अर्थ. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ 'सरासरी' एवढाच असला तरी मराठीने त्यास नवा व नेमका अर्थ दिला आहे. विद्युत् मोटारीच्या विक्रेत्याने हा रुळलेला शब्द टाकून 'रेंज' हा शब्द पुढे केला. आता मराठी बोलण्यात 'रेंज' हा शब्द आधीच दुसऱ्या कामावर रुजू झालेला आहे. 'रेंज नाही', 'रेंज गेली', 'गच्चीवर जा, तेथे रेंज येते' असे आपण भ्रमणध्वनीविषयी बोलतो. ज्या वस्तूचे येणे-जाणे आपल्या हाती नाही, जी ऐन वेळी दगा देते, अशा वस्तूचे हे नाव. गाडीच्या बाबतीत तोच शब्द योजला की त्याची सारी व्यंजना गाडीस येऊन चिकटते. उत्पादकाने प्रयोगशाळेत प्रमाणित केलेले अंतर आणि प्रत्यक्ष रस्त्यावर मिळणारे अंतर यांत मोठी तफावत पडते, हा अनुभव या व्यंजनेस बळकटीच देतो. काही उत्पादकांनी २०२४ पासून प्रत्यक्ष वापरातील अंतरही सांगण्यास प्रारंभ केला, ही गोष्ट भाषेच्या दृष्टीनेही हितावह आहे. कारण अतिशयोक्ती हा काव्यात अलंकार असला तरी व्यवहारात तो अविश्वासाचे बीज ठरतो.

याउलट 'ॲव्हरेज' हा शब्द कायम ठेवून लिटरच्या जागी 'युनिट' घातले, तर काय होते ते पाहावे. युनिट हा शब्द वीजबिलाने घरोघर शिकविलेला आहे. लहान विद्युत् मोटार एका युनिटला साधारणतः सहा ते सात किलोमीटर जाते. वाशीमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर, जाऊन-येऊन १६०. म्हणजे सुमारे पंचवीस युनिट लागले. बॅटरी तीस युनिटांची असेल तर फेरी होते, परंतु गाठीशी फारसे उरत नाही. पातूरचा घाट आणि वैशाखातील ऊन यांचा विचार करता अकोल्यास काम चालू असताना गाडी तासभर चार्जिंगला लावणे शहाणपणाचे. घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला सुमारे तीन युनिट भरतात; रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत चोवीस युनिट होतात. एवढा हिशोब कोणत्याही चालकास तोंडी करता येतो. त्यात त्यास एक पैसाही दिलेला नाही, आणि तरीही त्याच्या मनातील निम्मी भीती या हिशोबाने उतरते. उरलेली निम्मी भीती साधार आहे, हेही त्याच हिशोबातून त्यास कळते. खरी प्ररोचना अशी असते : ती स्तुतीबरोबर मर्यादाही सांगते.

'चार्जिंगला लावणे' या क्रियापदाकडेही अभ्यासकांनी लक्ष द्यावे. पेट्रोल आपण 'टाकतो', टाकी 'फुल करतो'. ही कृती वाटेत, पंपावर, थांबून करावयाची. 'चार्जिंगला लावणे' हा प्रयोग भ्रमणध्वनीकडून आला असून त्यात वस्तू विसावलेली असते आणि काम आपोआप होत राहते. बैलास रात्री गोठ्यात वैरण टाकावी आणि सकाळी गाडीस जुंपावे, ही कृषिजीवनातील रीत या नव्या क्रियापदास पेट्रोलपेक्षा जवळची आहे. प्रचारकांनी मात्र पंपाचीच उपमा धरून ठेवल्याने 'पंप कोठे आहे?' हाच प्रश्न चालकाच्या मनात पहिला येतो. येथे चुकीच्या उपमेने चुकीचा प्रश्न जन्मास घातला, असे म्हणावयास हरकत नाही.

आणखी एक शब्दद्वय पाहावे. शासन ज्यास 'भारनियमन' म्हणते, त्यास वऱ्हाडात 'लाईन गेली' म्हणतात. पहिल्या शब्दात कोणी नियमन करणारा आहे, त्याचे वेळापत्रक आहे, असे सूचित होते. दुसऱ्यात लाईन स्वतःच जाते आणि तिच्या मर्जीने परत येते. विजेवर चालणाऱ्या गाडीचा विचार करताना चालकाच्या मनात दुसरा शब्द असतो. तेव्हा आपल्या वाहिनीवर रात्री वीज किती वेळ असते याचे खरे व स्थानिक विधान जोवर त्याच्यापर्यंत जात नाही, तोवर कितीही अर्थवाद केला तरी तो विधीशी जुळणार नाही.

४

शब्दांप्रमाणे चिन्हांचीही परीक्षा केली पाहिजे. २०१८ साली केंद्र शासनाने विद्युत् वाहनांसाठी हिरवी पाटी ठरविली : खाजगी वाहनास हिरव्यावर पांढरी अक्षरे, भाडोत्री वाहनास हिरव्यावर पिवळी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विद्युत् भाडोत्री वाहनांस परवान्याच्या अटीतून मुक्त करण्यात आले. ही दोन्ही द्रव्याशिवायची उत्तेजने होत. त्यांपैकी पाटी ही शुद्ध चिन्हस्वरूप आहे. वाहनतळ, गर्दीच्या भागातील प्रवेश इत्यादी बाबतींत अशा वाहनास प्राधान्य देता यावे म्हणून ते ओळखू यावे, हा तिचा हेतू सांगितला गेला.

चिन्हास अर्थ येतो तो त्यामागील व्यवहारामुळे. नॉर्वेचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. तेथे विद्युत् मोटारींच्या पाटीवर 'ई-एल' ही अक्षरे येऊ लागली आणि २००५ पासून त्या मोटारींस बसच्या राखीव मार्गिकेतून जाण्याची मुभा मिळाली. कोंडीत अडकलेला चालक शेजारून निघून जाणाऱ्या मोटारीची पाटी रोज वाचीत असे. त्या दोन अक्षरांचा अर्थ त्यास कोणी समजावून सांगावा लागला नाही. २०२४ साली तेथे विकल्या गेलेल्या दर शंभर नव्या मोटारींपैकी सुमारे एकोणनव्वद विद्युत् होत्या. यात करमाफीचा वाटा फार मोठा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु चिन्हाचे कार्य कसे घडते, हे त्यातून दिसते.

वाशीमला बसची राखीव मार्गिका नाही आणि तशी कोंडीही नाही. म्हणून तेथे हिरवी पाटी हे वाच्यार्थाविना उरलेले चिन्ह होते. तिला स्थानिक अर्थ देता येईल. जिल्हाधिकारी कार्यालय, पंचायत समिती, बाजार समिती, बसस्थानक अशा ठिकाणी सावलीतील दोन जागा आणि भिंतीवर एक चालू सॉकेट हिरव्या पाटीसाठी राखून ठेवले, तर उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचे ऊन सोसणाऱ्या या जिल्ह्यात त्या पाटीचा अर्थ कोणासही वेगळा शिकवावा लागणार नाही. परवान्यातून मुक्ती ही सवलतही अशीच वाचली गेली पाहिजे. भाडोत्री चालकाच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे. तथापि ती अधिसूचनेच्या भाषेत राहिल्याने सवलत असूनही तिची प्ररोचना झाली नाही. जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या विद्यमान वीजजोडणीवरच गाडी चार्ज करण्याची मुभा आहे, या गोष्टीचीही तीच गत.

५

वाशीमचा भाषिक इतिहास या प्रश्नास अनपेक्षित दृष्टान्त पुरवितो. हे नगर म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. येथील राजा सर्वसेन याने प्राकृतात 'हरिविजय' काव्य रचले आणि नगराच्या नावावरून 'वच्छोमी' ही काव्यरीती प्रसिद्धीस आली. त्याचाच पुत्र विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट वाशीम येथे सापडला. चौथ्या शतकातील या दानलेखात राजवंशाचे वर्णन संस्कृतात आहे, तर प्रत्यक्ष दानाचा व सवलतींचा तपशील प्राकृतात आहे. म्हणजे गौरवासाठी प्रतिष्ठित भाषा, आणि ज्यावाचून व्यवहार अडेल त्या मजकुरासाठी लोकांच्या जवळची भाषा, अशी ही वाटणी होती.

आज ही वाटणी नेमकी उलटली आहे. घोषवाक्ये व जाहिरातीतील स्तुती मराठीत आहे. परंतु मोटारीच्या पडद्यावरील सूचना, चार्जिंगचे ॲप, वापरपुस्तिका आणि हमीपत्र ही बहुतांशी इंग्रजीत आहेत. बहुतेक उत्पादक बॅटरीची आठ वर्षे अथवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी देतात. चालकाच्या सर्वात मोठ्या शंकेचे हे उत्तर आहे, पण ते ज्या अटींसह लिहिलेले असते त्या अटी त्यास वाचता येत नाहीत. मानोरा तालुक्यात पोहरादेवीच्या परिसरात, तसेच जिल्ह्याच्या अन्य भागांत, गोरमाटी बोलणाऱ्या बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे. त्या चालकांच्या बाबतीत तर हे अंतर दुहेरी होते.

६

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, भाषेने चार्जिंगची केंद्रे उभी राहत नाहीत आणि मोटारीची किंमत कमी होत नाही. हे सत्य आहे. ज्यास पैशाअभावी मोटार घेताच येत नाही, त्यास शब्दांनी ती मिळणार नाही. परंतु ज्याची ऐपत आहे आणि जो केवळ साशंक आहे, असाही एक वर्ग आहे. प्ररोचनेचा अधिकारी तोच होय. शिवाय सोय असूनही तिचे विधान नसेल, तर चालकाच्या लेखी ती सोय नसल्यासारखीच. आणि सोय नसताना तिचे विधान केले, तर पुढील शंभर खऱ्या विधानांचा विश्वास त्याबरोबर बुडतो. द्रव्याचे उत्तेजन खोट्या विधानाचा धक्का काही काळ सोसू शकते; शब्दाचे उत्तेजन तो एकदाही सोसू शकत नाही.

दुसरा आक्षेप शुद्धिवाद्यांचा. 'चार्जिंग'ला 'प्रभारण', 'ॲव्हरेज'ला आणखी काही, असे प्रतिशब्द प्रथम घडवावेत, असे ते म्हणतील. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषेचे मोठे कार्य केले आहे आणि शास्त्रीय लेखनास 'प्रभारण' योग्यच आहे. परंतु ज्या राज्यात 'अतिरिक्त प्रभार' हा कार्यालयीन शब्द नित्याचा आहे, तेथे रस्त्यावरील फलकावर 'प्रभारण केंद्र' लिहिल्याने चालक आत वळेल, असे मानता येत नाही. लोकांनी स्वीकारलेला शब्द ठेवावा आणि त्याभोवतीचे वाक्य मराठी करावे, हा मध्यम मार्ग दिसतो. उणीव आहे ती वाक्याची. शब्द लोकांनी केव्हाच मिळविले आहेत.

या विवेचनातून आपल्या विभागापुढे एक कार्य उभे राहते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी सहाही तालुक्यांतील काळीपिवळी व भाडोत्री मोटारींचे चालक, वाहनदुरुस्ती करणारे मिस्त्री आणि वीज कंपनीचे तारतंत्री यांच्याकडून या विषयाचा बोलीतील शब्दसंग्रह व विशेषतः त्यांचे प्रश्न, ज्या वाक्यांत ते विचारले जातात त्याच वाक्यांत, टिपून घ्यावेत. त्या प्रश्नांना वर्तमानकाळी, स्थळ-वेळ सांगणारी आणि पडताळून पाहता येतील अशी मराठी उत्तरे लिहिणे हे पुढचे काम. ते भाषाभ्यासकाने एकट्याने करण्यासारखे नाही. वीज कंपनी, परिवहन कार्यालय व ग्रामपंचायत यांनी तपशील पुरविला पाहिजे. परंतु प्रश्न नीट ऐकून घेण्याचे काम भाषाभ्यासकाचेच आहे, आणि तेथून आरंभ करण्यास कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही.